गाडी बदलावी की रस्ता? स्पोर्ट्स कारच्या मालकांची इच्छायादी आणि तिच्यामागचे विज्ञान

स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या कोणालाही विचारा, ‘या गाडीतली एकच गोष्ट बदलायची मुभा मिळाली, तर काय बदलाल?’ उत्तरासाठी फार वेळ थांबावे लागत नाही. कोणाला इंजिनात आणखी जोर हवा असतो, कोणाला वजन कमी हवे असते, कोणाला हाताने टाकायचे गिअर परत हवे असतात, तर कोणाची तक्रार असते की गाडी पुरेशी गर्जत नाही. भारतातील मालकाच्या यादीत मात्र बहुधा या सगळ्यांच्या आधी एक ओळ असते: गाडी जमिनीपासून चार बोटे उंच हवी होती.

कोट्यवधी रुपयांच्या गाडीविषयीची ही कुरकुर ऐकून सामान्य वाचकाला हसू येईल. ज्या देशात असंख्य लोक दुचाकीवर नाहीतर बसने प्रवास करतात, तिथे मूठभरांच्या हौसेची चर्चा विज्ञानाच्या पानावर कशाला, असा प्रश्नही पडेल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की स्पोर्ट्स कार हे तडजोडींच्या अगदी कडेवर उभे असलेले यंत्र आहे. साध्या मोटारीत एखादी गोष्ट थोडी इकडेतिकडे झाली तर खपून जाते. इथे एक आकडा हलवला की दुसरे चार हलतात. म्हणून मालकांची ही इच्छायादी यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकासारखी वाचता येते. शिवाय या यादीतील बहुतेक बदल आपल्याकडे कायद्याच्या कक्षेत येतात, आणि तो कायदा स्पोर्ट्स कारइतकाच महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकललाही लागू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: तक्रार जिथे जाणवते तिथेच तिचे कारण असते, असे नाही. बदल करावा तो कारणाच्या जागी, आणि कारण शोधावे ते मोजमापाने. हे सूत्र हाती धरून आपण ही यादी एकेक ओळ वाचत जाऊ.

इंजिनात जोर हवा

२०१२ साली टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून एक छोटी, हलकी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. टोयोटाने तिला ८६ हे नाव दिले, सुबारूने बीआरझेड. दोन लिटरचे इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती, आणि मुद्दाम अरुंद ठेवलेले टायर. वळणावर ही गाडी कशी नाचते याचे कौतुक झाले. पण मालकांची एक तक्रार वर्षानुवर्षे कायम राहिली. साधारण साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन अचानक मंदावल्यासारखे वाटे. इंजिनाच्या फिरवण्याच्या बळाचा, म्हणजे टॉर्कचा, आलेख नेमका तिथे खड्ड्यात उतरत असे. त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला होता: टर्बो बसवा.

पण खड्डा का पडत होता? इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांमधून दाबाच्या लाटा सतत ये-जा करत असतात. बासरीच्या नळीची लांबी बदलली की सूर बदलतो. तशीच या नळ्यांची लांबी आणि इंजिनाच्या फेऱ्या यांची एक लय असते. लाट योग्य क्षणी झडपेपाशी पोहोचली तर सिलिंडर चांगला भरतो. अवेळी पोहोचली तर भरण अपुरी राहते. ज्या मालकांनी टर्बोच्या नादी न लागता धुराड्याच्या सुरुवातीच्या नळ्या बदलल्या आणि इंधन सोडणारी संगणकीय आज्ञावली त्याला जुळवून घेतली, त्यांचा खड्डा बराचसा भरून निघाला. पुढे दुसऱ्या पिढीची गाडी आली तेव्हा कंपन्यांनीही टर्बो टाळला. त्यांनी इंजिन २.४ लिटरचे केले. पूर्वी २०५ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ६,४०० फेऱ्यांपर्यंत चढल्यावर मिळे. आता २५० न्यूटन-मीटर ३,७०० फेऱ्यांनाच मिळू लागला. मालकांची तक्रार खरी होती, त्यांनी सुचवलेले औषध मात्र वेगळ्या रोगाचे होते.

‘आणखी अश्वशक्ती हवी’ ही मागणी एकदा हवेच्या रोधाच्या हिशेबात घालून पाहण्यासारखी आहे. हवा कापत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गाडीचा रोधगुणांक ०.३०, समोरून दिसणारे क्षेत्रफळ २ चौरस मीटर आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेसाठी सुमारे ७.७ किलोवॉट, म्हणजे दहा-साडेदहा अश्वशक्ती पुरते. ताशी २०० ला हीच गरज ६२ किलोवॉट होते आणि ताशी ३०० ला २०८ किलोवॉट, म्हणजे सुमारे २८० अश्वशक्ती. भारतातील द्रुतगती मार्गांवर केंद्राने २०१८ साली मोटारींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १२० आहे. त्या वेगाला हवा मागते फक्त १८ अश्वशक्ती. टायरांच्या लोळण्याचा रोध मिळवला तरी आकडा फार चढत नाही. उरलेल्या शेकडो अश्वशक्ती केवळ वेग घेण्याच्या काही सेकंदांसाठी आहेत. तिथेही त्या रस्त्यावर उतरतात त्या टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून.

त्यामुळे अनुभवी चालक नवख्याला इंजिनाआधी टायर बदलायला सांगतो, ते उगाच नाही. ताशी १०० वरून थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून मिळते. घर्षणांक ०.८ असेल तर ४९ मीटर, १.० असेल तर ३९ मीटर. मधल्या दहा मीटरांत एक शाळकरी मूल, एक म्हैस किंवा एक अख्खी रिक्षा मावते. या सूत्रात इंजिनाच्या ताकदीला कुठेही जागा नाही.

हळू चालणारा गिअरबॉक्स परत द्या

मालकांना नेहमी अधिक वेगच हवा असतो, ही समजूत पोर्शेच्या एका अनुभवाने खोटी ठरवली. २०१३ साली या कंपनीने आपली ९११ जीटी३ ही गाडी केवळ दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह आणली. गणित स्वच्छ होते: हा गिअरबॉक्स कोणत्याही माणसाच्या हातापेक्षा जलद गिअर बदलतो. तरीही चाहते नाराज झाले. २०१६ साली ९११ आर ही हाताने गिअर टाकायची मर्यादित आवृत्ती आली, तिच्या अवघ्या ९९१ गाड्या काढल्या गेल्या आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये हाताचा गिअरबॉक्स पुन्हा पर्याय म्हणून दाखल झाला. कंपनीच्याच आकड्यांनुसार स्वयंचलित गाडी शून्यापासून ताशी १०० पर्यंत ३.४ सेकंदांत पोहोचे, हाताची ३.९ सेकंदांत. अर्ध्या सेकंदाचे नुकसान लोकांनी आनंदाने मागून घेतले.

इथेही तक्रार आणि कारण यांत अंतर आहे. मालकाला गिअरचा दांडा हवा होता असे म्हणणे अपुरे आहे. त्याला यंत्राशी संवाद हवा होता. आपण केलेल्या कृतीचे फळ तळहाताला, तळपायाला, पाठीला कळावे, असे वाटत होते. माणूस आणि यंत्र यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात याला प्रतिसाद म्हणतात, आणि त्याचे महत्त्व मौजेपुरते मर्यादित नाही. अनेक नव्या मोटारींनी बटणे काढून सगळे काही काचेच्या पडद्यात कोंबले, तेव्हा चालकाची नजर रस्त्यावरून ढळू लागली. युरोपातील मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून काही मूलभूत कामांसाठी खरीखुरी बटणे असणाऱ्या गाड्यांनाच पूर्ण गुण देण्याचे ठरवले, ते यामुळेच. बोटाला चाचपून कळणारे बटण परत मागणारा मालक जुन्या काळात रमलेला असतो असे नाही. कधीकधी तो सुरक्षिततेचीच बाजू मांडत असतो.

वजन उतरवा

ब्रिटनच्या लोटस कंपनीची १९९६ सालची एलिस सुमारे ७२५ किलोची होती. त्याच कंपनीची आजची विजेवर धावणारी एव्हाया सुमारे १,९०० किलोची आहे. २००८ साली आलेली टेस्लाची पहिली रोडस्टर एलिसच्याच धर्तीवर बांधली होती. तिच्या ६,८३१ घटांच्या बॅटरीचेच वजन साधारण ४५० किलो भरे. विद्युत स्पोर्ट्स कारच्या मालकाला विचारले तर तो वजनाचेच नाव घेतो, आणि या बाबतीत गॅरेजमध्ये त्याला काहीही करता येत नाही. आसने पातळ केली, काचा हलक्या बसवल्या, तरी पाच-पन्नास किलो उतरतात. मुख्य ओझे रसायनशास्त्राचे आहे: एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, आजच्या बॅटरी-संचात किलोला त्याच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढी. विद्युत मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असल्याने ही दरी काही अंशी बुजते, पण मिटत नाही. हा बदल होईल तो प्रयोगशाळेत. तमिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ज्या प्रकारचे काम चालते, त्या कामातून.

चार बोटे उंची

आता भारतीय यादीतील पहिल्या ओळीकडे येऊ. इथे रेंगाळायला हवे, कारण ही तक्रार सगळ्यांत सामान्य आहे आणि तिचे निदान सगळ्यांत चुकते.

स्पोर्ट्स कार बुटकी असते ती दिखाऊपणासाठी नव्हे. वळण घेताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि हे सरकणे गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल आणि गाडी साडेचार सेंटिमीटरने उचलली, तर त्याच वळणावर, त्याच वेगाला भाराचे स्थलांतर दहा टक्क्यांनी वाढते. गाडीखालून जाणाऱ्या हवेचे गणित बिघडते ते वेगळेच.

तरी आपल्याकडे उंची वाढवली जाते. त्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे अडकवणे. यात नेमके काय घडते ते पाहा. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या मोकळ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा मोकळ्या वेटोळ्यांपैकी एक ठोकळ्याने जखडले, तर उरली पाच. ताठरपणा सहास पाच या प्रमाणात, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला. धक्के शोषणारा दंडगोल मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बेतलेला आहे. गाडी उंच झाली खरी, पण तिचा तोल आणि तिची चाल ही दोन्ही आता कोणी आखलेली राहिली नाहीत.

हेच काम कंपन्यांनी केले तेव्हा कसे केले? पोर्शेने २०२२ साली ९११ डकार ही आवृत्ती आणली. नेहमीच्या खेळकर सस्पेन्शनच्या ९११ पेक्षा ती ५० मिलिमीटर उंच होती आणि तिच्या २,५०० गाड्याच निघायच्या होत्या. लॅम्बोर्गिनीच्या हुराकान स्तेरातोत ही वाढ ४४ मिलिमीटरची होती. दोन्ही ठिकाणी उंचीबरोबर स्प्रिंगा, टायर आणि संगणकीय नियंत्रण हे सगळे नव्याने जुळवावे लागले. चार बोटांची किंमत ही अशी असते.

पण मूळ प्रश्न राहतोच: उंची हवी कशासाठी? उत्तर एका शब्दाचे आहे, गतिरोधक. तेव्हा आपण गतिरोधकच मोजू.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीची मानके ठरवणारी आपली राष्ट्रीय संस्था. तिच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार गतिरोधकाचे माप दिले आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी. गतिरोधकाच्या ४० मीटर आधी सूचनाफलक हवा, पृष्ठभागावर रंगाचे पट्टे हवेत.

या उंचवट्यावरून ९११ न्यायची आहे असे समजा. तिच्या पुढच्या आणि मागच्या धुरांमधील अंतर २.४५ मीटर आहे. गाडी बरोबर मध्यावर असताना प्रत्येक चाक माथ्यापासून १.२२५ मीटर दूर असते. वर्तुळाच्या भूमितीने तिथला उतार काढला, तर चाके माथ्यापेक्षा सुमारे ४४ मिलिमीटर खाली असतात. म्हणजे पोट घासू नये यासाठी ४४ मिलिमीटर जागा पुरते. पुढच्या धुरापासून नाक एक मीटर पुढे आलेले धरले, तर चाक उंचवट्याच्या कडेला टेकते त्या क्षणी नाकाखाली सुमारे ७९ मिलिमीटरचा चढ आलेला असतो. बहुतेक स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली १०० ते १३० मिलिमीटर जागा असते. सावकाश चालवल्यास गाडी अलगद पार होते. ताशी २५ वेगाला उभे त्वरण निघते सेकंदवर्गाला २.८ मीटर, गुरुत्वत्वरणाच्या तीन दशांशांहूनही कमी. चहाचा कप हिंदकळेल, सांडेलच असे नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर स्पोर्ट्स कार अडत नाही. ती अडते ती आपल्या गल्लोगल्ली रातोरात उभ्या राहणाऱ्या उंचवट्यांवर. समजा एखादा ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. तो संपूर्णच दोन धुरांच्या मध्ये मावतो, त्यामुळे पोटाखाली पूर्ण १५० मिलिमीटर जागा लागते. त्याच्या वक्रतेची त्रिज्या निघते ३७.५ सेंटिमीटर, मोटारीच्या चाकाच्या त्रिज्येच्या आसपास. मानकाच्या १७ मीटरांशी तुलना केली तर वक्रता ४५ पट तीव्र. त्याच वेगाला बसणारा हादराही कागदावर त्याच पटीत वाढतो. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंग त्यातला बराचसा भाग गिळतात, उरलेला मणक्याला मिळतो.

कोणाच्या मणक्याला? स्पोर्ट्स कारवाला थांबतो, नाक उचलणारे बटण दाबतो. ते बटण ९११ ला पुढून सुमारे ४० मिलिमीटर उचलून देते. दुचाकीवर मागे बसलेल्या आजीबाईंजवळ असे बटण नाही. रिक्षातल्या गरोदर बाईजवळ नाही, रुग्णवाहिकेत आडव्या पडलेल्या रुग्णाजवळ नाही. अंधारात रंग न दिलेल्या उंचवट्यावरून उडणाऱ्या मोटारसायकलस्वाराजवळ तर नाहीच. श्रीमंताची तक्रार खरी आहे, पण ती त्याच्या एकट्याची नाही. तो आपल्या गाडीत जो बदल मागतो, तो रस्त्यात केला तर सगळ्यांना मिळतो.

आवाज वाढवा

यादीतील ही ओळ मी सहानुभूतीने वाचू शकत नाही. डेसिबलचे मोजमाप लघुगणकी आहे: १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ, कानाला साधारण दुप्पट. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. मोकळा केलेला सायलेन्सर मध्यरात्री रस्त्याने जातो तेव्हा मालकाच्या आनंदाचा खर्च झोपलेली वस्ती भरते. इथला प्रश्न खरेतर ‘आवाज कोणाला ऐकू यावा’ असा आहे. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या ध्वनिक्षेपकांतून ऐकवण्याची सोय केली, तेव्हा शौकिनांनी तिची ‘नकली’ म्हणून टर उडवली. मला मात्र तो उपाय नागर वाटतो. हौस ज्याची, आवाज त्याच्याच कानापुरता.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणायला हवे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

या कडकपणामागची भीती खरी आहे. डोळे दिपवणारे दिवे, कर्णकर्कश सायलेन्सर, मनमानी लांबवलेल्या चौकटी आपण रोज पाहतो. पण या तराजूत एक दोष आहे. अधिक चांगले ब्रेक बसवणारा आणि धूर गाळणारा भाग काढून टाकणारा, या दोघांनाही तो एकाच पारड्यात बसवू शकतो. सुरक्षितता वाढवणारा बदल आणि बिघडवणारा बदल यांत फरक करण्यासाठी मोजावे लागते, आणि मोजण्याची वाट सामान्य मालकासाठी जवळजवळ बंद आहे.

‘जवळजवळ’ असे म्हणण्याचे कारण, काही दारे कायद्यानेच उघडी ठेवली आहेत. सीएनजीचा संच बसवता येतो. जुन्या गाडीला मान्यताप्राप्त विद्युत संच बसवता येतो. अपंग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाहनात फेरफार करता येतो. तिन्हींमागचा विचार सारखाच आहे: बदल काय आहे ते ठरलेले, तपासलेले असावे आणि त्याची नोंद व्हावी. जर्मनीत हीच रीत इतर भागांनाही लागू आहे. तिथे स्प्रिंग, चाक किंवा सायलेन्सर तांत्रिक प्रमाणपत्रासह विकला जातो, गरज असेल तिथे तपासणी संस्था गाडी पाहते आणि बदल कागदपत्रांत लिहिला जातो. वेगाचे वेड असलेल्या त्या देशाने बदलाला शिस्त लावली ती मनाई करून नव्हे, मोजून.

आपल्याकडे मोजणारे हात कमी नाहीत. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, मानेसर आणि चेन्नईजवळच्या ओरागडम येथे चाचणी केंद्रे आहेत, इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान चाचणी धावपट्टी आहे. प्रत्येक गाडी तिथे नेण्याची गरज नाही. सुट्या भागाला एकदा मान्यता मिळाली की तो बसवल्याची नोंद जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात होऊ शकते, जशी आज सीएनजी संचाची होते. मूठभर शौकिनांसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारेल. उत्तर असे की हा खटाटोप शौकिनांसाठी नाहीच. लपूनछपून केलेला बदल कोणी तपासत नाही, आणि तो बदल असलेली गाडी ज्या रस्त्यावर धावते, त्याच रस्त्यावर आपण सगळे चालतो.

विद्यार्थ्यांसाठी

या लेखातील शिस्त आपल्या काही विद्यार्थ्यांच्या अंगवळणी कधीच पडली आहे. पीथमपूरला २००७ पासून सुरू झालेली बाहा एसएईइंडिया असो की कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरलेली फॉर्म्युला भारत असो, तिथे विद्यार्थी गाडीचा एकूण एक भाग स्वतः ठरवतात. कोणी त्यांना अडवत नाही. पण परीक्षक समोर बसून विचारतात, हाच आकडा का? स्प्रिंग एवढी ताठर का, नळी एवढी लांब का? फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धांत गाडी तिरकी करून पाहिली जाते, ब्रेक तपासले जातात, आवाज मोजला जातो, आणि त्यानंतरच ती धावपट्टीवर उतरते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना जे स्वातंत्र्य आणि जे उत्तरदायित्व आपण एकत्र देऊ शकतो, ते नागरिकांना देता येणार नाही, असे मला वाटत नाही.

आणि ज्यांच्याकडे ना स्पोर्ट्स कार आहे ना स्पर्धेतली गाडी, त्यांच्यासाठीही एक प्रयोग आहे. खर्च जवळजवळ शून्य. एक मोजपट्टी, एक दोरी, एक सरळ काठी घ्या. रहदारी नसताना, सोबतीला कोणी उभे करून, तुमच्या महाविद्यालयासमोरच्या गतिरोधकाची रुंदी आणि मधली उंची मोजा. रुंदीच्या निम्म्याचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करा, तिला उंचीच्या दुपटीने भागा. वक्रतेची त्रिज्या मिळेल. ती १७ मीटरच्या जवळ आली तर ज्या अभियंत्याने तो बांधला त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. अर्धा मीटर आली, तर आकडा, छायाचित्र आणि मानकाचा क्रमांक जोडून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवा. नुसत्या तक्रारीला ‘बघू’ म्हणता येते. मोजून दिलेल्या आकड्याला तसे म्हणणे जरा अवघड जाते.

तुमच्या गतिरोधकाची त्रिज्या किती निघाली, ते गावाच्या नावासह खाली प्रतिक्रियेत लिहा. शंभर आकडे जमले तर तेवढ्यावरही एक चांगली चर्चा होऊ शकेल.